डॉक्समधल्या तुटक्या लिंका

आज इंदूरच्या ऑफिसात प्रोजेक्टच्या डॉक्सवर, म्हणजे माहितीच्या पानांवर, ‘लीची’ (lychee) हे लिंका तपासणारं टूल चालवलं. आधी ऑफलाइन तपासणी करा. ती रेपोतल्याच (प्रोजेक्टच्या साठ्यातल्याच) फायली बघते, निकाल लगेच मिळतो. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल विंडोजवर खपून जातं, लिनक्सवर तीच लिंक तुटते. शीर्षक बदललं की त्याकडे जाणारी लिंकही गेली, पण ही फ्रॅगमेंट (लिंकमधला # नंतरचा भाग) तपासणी मुद्दाम सुरू करावी लागते. नवा माणूस नेमका तिथेच अडकतो, म्हणून ती कराच.

बाहेरच्या लिंकांचं प्रकरण वेगळं. सर्व्हरच्या उत्तरातला कोड 404 म्हणजे पान नाही. 429 म्हणजे समोरचा सर्व्हर ‘जरा दमानं’ म्हणतोय, आणि 403 पुष्कळदा बॉट अडवल्यामुळे येतो. ही तपासणी प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल सामील करायच्या विनंतीवर) नको, क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप) आठवड्यातून एकदा पुरे. नाहीतर दुसऱ्याची साइट पडते आणि आपलं मर्ज (बदल मूळ कोडमध्ये सामील होणं) अडतं.