चुना दिल्यासारखं चित्र

आई साताऱ्याहून पहिल्यांदा कार्डिफला आली तेव्हा चार दिवस नुसती पावसाची झड. पाचव्या दिवशी तिला नॅशनल म्युझियमला नेलं. तिकीट नाही, आत ऊब, बसायला बाकं. मी स्वतः तरी तिथं आणखी कशासाठी जात होते?

चित्रकार ग्वेन जॉनच्या 'गर्ल इन अ ब्लू ड्रेस'समोर आई थबकली. चित्र केवढं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरएवढं. निळ्या झग्यातली मुलगी, हात मांडीवर, मागे रिकामी भिंत. आई नाक लावून बघत म्हणाली, "अगं, हे रंगवलंय की चुना दिलाय?"

मी हसले. मग घरी येऊन वाचलं, तर ही बाई खरंच खडू आणि सरस कालवून कॅनव्हासला अस्तर द्यायची. वर रंग पातळ, कोरडा. गिलाव्यात मुरल्यासारखा.

जन्म १८७६चा, वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्टचा. बालपण टेन्बीच्या किनाऱ्यावर, पुढचं आयुष्य फ्रान्समध्ये. हयातीत फक्त तिचं असं प्रदर्शन एकच झालं, १९२६मध्ये लंडनला. धाकटा भाऊ ऑगस्टस तेव्हा केवढा गाजलेला! त्याच्या ऐसपैस चित्रांच्या दालनात हिची वीतभर चित्रं लावली की माणसं चालत पुढे जातात. मीही कितीदा गेलेय.

म्हणून २०२३मध्ये चिचेस्टरच्या पॅलंट हाउसमध्ये तिचं प्रदर्शन लागलं तेव्हा तीन तास गाडी हाणत गेले. तिची चित्रं एकापाठोपाठ एक बघितल्याशिवाय तिचा हट्ट कळत नाही. पुन्हा बसलेली बाई, पुन्हा मांडीवर हात, रंग फक्त एखाद्या छटेनं इकडचा तिकडे. भावाच्या शेजारी हे 'तेच ते' वाटतं. इथं मात्र पाय निघेना.

रात्री आईला फोनवर मेर पूस्पँची गोष्ट सांगितली. पॅरिसजवळ म्यूदाँला ग्वेन राहायची, तिथल्या मठातल्या नन्सना आपल्या संस्थापिकेचं, म्हणजे या मेर पूस्पँचं, चित्र हवं होतं. त्या बाईला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झालेली, हाताशी प्रार्थनेचं एक छापील कार्ड. ग्वेननं त्यावरून वर्षानुवर्षं चित्रं काढली, कारण मठाच्या प्रत्येक खोलीत एक लावायचं होतं.

आई निवृत्त शिक्षिका. म्हणाली, "म्हणजे आमच्या सावित्रीबाईंसारखंच की. प्रत्येक वर्गात एक तसबीर." मग जरा थांबून, "आमच्या छापील होत्या. ही हातानं काढत बसली?"