कॅपिटोलिन ते तळघर : रोमन चांदीच्या नाण्यांवरचे देव

रोममध्ये चांदीची नाणी बघायची तर मी थेट संग्रहालय गाठत नाही. आधी कॅपिटोलिन टेकडीवरचं सांता मारिया इन आराचेली चर्च. सव्वाशेच्या आसपास उभ्या पायऱ्या आहेत, ऊन चढण्याआधी जावं. टेकडीच्या याच टोकावर जुनो मोनेता देवीचं मंदिर होतं आणि तिच्या आश्रयाला टांकसाळ. इ.स.पूर्व 46 मध्ये टांकसाळीचा अधिकारी कारिसियुसने पाडलेल्या दिनारियसवर, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यावर, एकीकडे या देवीचा चेहरा आहे, दुसरीकडे ऐरण, चिमटा आणि हातोडा. नाणं पाडताना एक ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, दुसरा चांदीच्या चकतीवर हातात धरायचा आणि वरून घण घालायचा. चकती जरा सरकली की देवाचा मुकुट किंवा अक्षरं काठाबाहेर. घणाचा मार वरच्या ठशाला बसे, म्हणून तो आधी निकामी होई.

टेकडी उतरून फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, चूल-अग्नीची देवी वेस्ता हिच्या मंदिराशी थांबावं. आज उभे आहेत ते मोजके खांब विसाव्या शतकात पुन्हा रचलेले. इ.स.पूर्व 55 च्या कासियुसच्या दिनारियसवर हेच गोल मंदिर आहे, शेजारी मतदानाचा कलश आणि ए-सी अक्षरांची पाटी: निर्दोष किंवा दोषी. वेस्ताच्या कुमारिकांवर, म्हणजे तिच्या पुजारिणींवर, इ.स.पूर्व 113 मध्ये चाललेल्या खटल्यात याच घराण्यातला माणूस न्यायाधीश होता. देवीच्या नावाने घराण्याचा मान मिरवलेला आहे, आणि रोमन नाणी मला वाचावीशी वाटतात ती यासाठीच.

मग तेर्मिनी स्थानकाजवळचं पालाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय; नाणी तळघरात आहेत. सोमवारी बंद. नाणं जेमतेम 18-20 मिलिमीटरचं. काचेवर दिव्याची चमक येते, म्हणून समोरून न बघता थोडं बाजूने बघा; तिरक्या उजेडात झिजलेला उठावही दिसतो. काठाशी तांबूस डाग असेल तर तांब्यावर चांदी चढवलेलं नाणं असू शकतं. सुरुवातीचा दिनारियस साधारण 4.5 ग्रॅमचा, सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास तो 3.4 ग्रॅमवर आणला आणि चांदीचा कसही उतरवला.

चेहऱ्यांपेक्षा पूजेची उपकरणं शोधा. सीझरच्या हत्तीच्या नाण्यावर मागे पळी, शिंपडण्याचा कुंचला, बळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोपी आहे. इ.स.पूर्व 49, यादवी युद्ध सुरू झालेलं. सैनिकाच्या हाती पडणाऱ्या पगारावर सीझर सांगतो आहे: मुख्य पुरोहित मीच.

सम्राट ऑगस्टसच्या नातवंडांच्या, गाइयुस-लुसियुसच्या, दिनारियसवर ढालींच्या वर तीच पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकड्या टोकाची काठी दिसते. हा प्रकार आपण नीट बघावा, कारण दक्षिण भारतातल्या रोमन चांदीच्या ठेव्यांत तो आणि सम्राट टायबेरियसचा दिनारियसच सर्वांत जास्त सापडतात. तिथल्या काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम मारलेला चराही असतो.