डेम्लो वही : १२३४५६७८९८७६५४३२१

या खेपेला १२३४५६७८९८७६५४३२१ हातात घेतली. नऊ वेळा १ लिहून येणाऱ्या १११११११११ चा हा वर्ग. देवळालीच्या कापरेकर गुरुजींना असे वर्ग जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत सुचले, म्हणून या डेम्लो संख्या. डोंबिवलीकरांनी स्टेशनात एक पाटी लावायला हरकत नाही!

अंक सतरा. भास्कराचार्यांच्या एकं, दहं, शतं… या स्थानांच्या यादीप्रमाणे पहिला १ ‘मध्य’ स्थानी येतो, पुढचं स्थान थेट परार्ध. स्प्रेडशीटच्या नादी लागू नका, तिथे पंधरा अंकांपुढे शून्यं पडतात आणि शेवटचे २१ जातात. पायथॉन घ्या, नाहीतर सरळ कागद.

फोड अशी: १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक घातांक दुप्पट, त्यामुळे विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

खरी मजा ३३३६६७ मूळ आहे हे हाताने दाखवण्यात आली. वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे, म्हणजे शंभराहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघायचं. पण पळवाट आहे. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. म्हणजे ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव प हा १०⁹ − १ लाही भागतो, आणि १/प च्या दशांशातला आवर्ती गट १, ३ किंवा ९ अंकांचाच असणार. १ अंकी गट फक्त ३ चा, ३ अंकी फक्त ३७ चा. अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ ने भागलं की बाकी १, तोही बाद. उरला ९ अंकी गट. मग प − १ ला ९ ने भाग जायलाच हवा, आणि प विषम असल्याने १८ ने. १९, ३७, ७३, १०९, १२७… अशा ५७७ पर्यंत फक्त सतराच मूळ संख्या आहेत, त्यातही ३७ चा निकाल आधीच लागलेला. शेवटचा भागाकार ५७७ चा: ५७७ × ५७८ = ३३३५०६, बाकी १६१. मूळ!

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने पूर्ण भाग जातो: भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे ही हर्षद संख्याही (आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) झाली. ते नावही गुरुजींचंच. पहिल्या नऊ डेम्लोंपैकी हर्षद फक्त तीन: १, १२३२१ आणि ही. कारण न वेळा १ असले की बेरीज न², म्हणून १११…१ ला न ने भाग जायला हवा, आणि ते १, ३, ९ लाच जमतं.

दहा एकांना हातचा आडवा येतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. बेरीज ८२, सम, संख्या विषम. म्हणजे हर्षद नाही, भागाकार मांडायचीही गरज नाही. आता एकोणीस एक घेणार आहे; ती संख्या स्वतःच मूळ आहे, त्यामुळे वर्गाला विभाजक अवघे तीन.