तुम्ही विचारलंत म्हणून: वेधशाळेत लागायचं तर काय शिकावं?

अलिबागला फिजिक्स शिकवतो म्हटल्यावर पालक हमखास विचारतात, "सर, पोराला इथल्या चुंबकीय वेधशाळेत लागायचंय, डिग्री कुठली घ्यायची?"

त्या नावाची डिग्री शोधत बसू नका. भूचुंबकत्व, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास, आपल्या विद्यापीठांत एखाद्या प्रकरणापुरतं येतं: दोन कोन, एक आकृती, पाच मार्कांची टीप. बी.एस्सी.ला फिजिक्स किंवा जिऑलॉजी घ्या, गणित सोडू नका. मग जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, देऊन मुंबई, खरगपूर किंवा धनबादच्या आयआयटीत जिओफिजिक्स. खरं शिक्षण त्यानंतर, ही वेधशाळा चालवणाऱ्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेसारख्या ठिकाणी, पीएच.डी. करताना.

वाईट याचं वाटतं, की हा विषय आपल्या दारातला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ही वेधशाळा अलिबागला आली. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणून मालिका तुटली नाही. 1859 च्या सौर वादळाची ताकद ठरवताना अभ्यासक आजही कुलाब्याची नोंद काढतात. आपला काळा कातळही कमी नाही. लाव्हा थंड होऊन तो बनला, तेव्हा त्याने त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे लंडनचे भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या गटाने 1950 च्या दशकात अशाच दगडांवरून दाखवलं.

विद्यापीठात राहून जातं ते हातकाम. तयार आकडे कॉम्प्युटरवर घेऊन आलेख काढायला पोरं पटकन शिकतात. पण वेधशाळेतली यंत्रं आपोआप नोंदतात ते फक्त चढउतार. ते चढउतार ज्या मूळ पातळीवरून मोजायचे, ती माणसालाच तपासावी लागते. चाव्या, घड्याळ, मोबाइल, पट्टा, सगळं बाहेर ठेवून आत जायचं. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, तेही लोखंडाचा अंश नसलेलं. त्याच्या दुर्बिणीवरचा चुंबकीय सेन्सर शून्य दाखवेपर्यंत ती केसाकेसाने फिरवायची, कोन वाचायचा, मग दुर्बीण उलटी करून पुन्हा तेच. सेन्सर किंचित तिरका बसला असेल, तर ती चूक अशा उलटसुलट वाचनांच्या सरासरीत निघून जाते. एम.एस्सी.त पहिला आलेल्यालाही हे करायला मिळालेलं नसतं. माझ्या मते दोन वर्षांत एक महिना तरी प्रत्येकाला वेधशाळेत पाठवायला हवं.

जागा मोजक्याच असतात. जिओफिजिक्स केलेल्याला तेल आणि भूजलाच्या क्षेत्रातही काम मिळतं, तेवढा आधार आहे. आणि "घराजवळची नोकरी" एवढ्यासाठीच पाठवत असाल, तर ऐका: पनवेलच्या संस्थेची माणसं मोजमापं घ्यायला अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री केंद्रावरही जातात.