‘अंडर’ आणि ‘फ्रॉम अंडर’

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात, भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या एका गावाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. इंग्रजीतील प्रिपोझिशन, म्हणजे ज्यांचे काम मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात ते लहान शब्द, आमच्या मुलांना फार सोपे वाटतात आणि त्यांच्या लेखनात सर्वाधिक चुका त्याच शब्दांच्या सापडतात. याचे कारण सरावाच्या पद्धतीत आहे. रिकाम्या जागा भरताना मूल वाक्याचा अर्थ न पाहताही ‘मॉर्निंग’ दिसले की ‘इन’ आणि वाराचे नाव दिसले की ‘ऑन’ लिहून गुण मिळवते. स्वतःचे वाक्य लिहायची वेळ आली की मात्र ते मराठीतून विचार करते, आणि मराठीतला एकटा ‘ने’ पेनाने लिहिण्याला, बसने जाण्याला आणि तापाने मरण्याला पुरतो. इंग्रजीत पेनासाठी ‘विथ’, बससाठी ‘बाय’ आणि तापासाठी ‘ऑफ’ लागतो.

म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस मी नववीच्या वर्गाला वेगळा अभ्यास दिला. घरातील वडीलधाऱ्यांना भूकंपाची हकीकत विचारावी आणि ती पाच-सहा इंग्रजी वाक्यांत लिहून आणावी, एवढेच सांगितले. फळ्यावर नमुन्याचे एक वाक्य दिले : ‘द अर्थक्वेक स्ट्रक ॲट 3.56 इन द मॉर्निंग ऑन 30 सप्टेंबर 1993.’ घड्याळातल्या नेमक्या वेळेसाठी ‘ॲट’, दिवसाच्या भागासाठी ‘इन’ आणि तारखेसाठी ‘ऑन’ असे तिन्ही शब्द त्यात ओळीने येतात. तारीख गाळून नुसते वर्ष ठेवले तर पुन्हा ‘इन 1993’ होते. मग ‘ॲट नाइट’ का म्हणतात, असे एकाने विचारलेच. तिथे नियम शोधत बसू नये, तो प्रयोग तसाच पाठ करावा, असे मी त्याला सांगितले. प्रिपोझिशनचा बराच भाग असा पाठांतराचाच आहे आणि ते मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मुले वाक्ये वाचून दाखवू लागली. माळवदाची दगडमातीची घरे, गणेश विसर्जनाची रात्र, अंधार आणि धूळ हे जवळपास प्रत्येक वहीत होते. एका मुलीने वाचले, ‘पीपल पुल्ड माय ग्रँडमदर अंडर द मड.’ वर्गात कोणाला काही खटकले नाही. मी तिला हकीकत मराठीत सांगायला लावली. ती म्हणाली, “सर, आजीला लोकांनी मातीखालून वर काढलं म्हणं. दुपार झाली होती.” मग मी दुसऱ्या मुलाला तिचे इंग्रजी वाक्य जसेच्या तसे मराठीत करायला सांगितले. तो दोन शब्दांवर थांबला आणि चाचरत म्हणाला, “लोकांनी आजीला मातीखाली ओढलं.” मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली, “तसं नाही हो सर, उलटं!”

व्याकरणाच्या तासाला वर्ग इतका जागा झालेला मी क्वचितच पाहिला आहे. ‘खालून’ या एका रूपात ठिकाणही आहे आणि तिथून बाहेर येण्याची क्रियाही आहे; इंग्रजीतला ‘अंडर’ फक्त ठिकाण सांगतो आणि ओढण्याच्या क्रियेला जोडला की तिथे नेण्याचा अर्थ देतो. बाहेर येणे दाखवायचे तर त्याच्याआधी ‘फ्रॉम’ ठेवावा लागतो : ‘फ्रॉम अंडर द मड’. दोन प्रिपोझिशन शेजारीशेजारी चालतात हेच मुलांना ठाऊक नव्हते. दाराआडून म्हणजे ‘फ्रॉम बिहाइंड द डोअर’, हे त्यांनी लगेच स्वतः जुळवले. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला की, तेरणा नदीचे पाणी पुलाखालून वाहते, तिथेही ‘फ्रॉम अंडर’ म्हणायचे का. प्रश्न चोख होता. पाणी पुलाखाली अडकलेले नव्हते आणि तिथून बाहेर काढायचेही नव्हते, ते नुसते पुढे जाते. म्हणून तिथे ‘अंडर द ब्रिज’ एवढेच पुरते. ‘तून’चेही असेच होते : विहिरीतून पाणी काढले तर ‘आउट ऑफ द वेल’, शेतातून चालत गेलो तर ‘थ्रू द फील्ड’. बाहेर येणे आहे की पार जाणे, एवढे आधी ठरवले की निम्मे काम होते.

इतर वह्यांतल्या चुका नेहमीच्याच होत्या. ‘सिन्स थर्टी इयर्स’ तर बहुतेकांनी लिहिले होते, कारण ‘तीस वर्षांपासून’ आणि ‘1993 पासून’ यांत मराठीला भेद करावा लागत नाही. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’ लागतो आणि आरंभाला ‘सिन्स’. ‘डाइड बाय अर्थक्वेक’ही सर्रास होते, माणसे ‘इन द अर्थक्वेक’ दगावतात आणि घरे ‘बाय द अर्थक्वेक’ उद्ध्वस्त होतात, हे मी दोन ओळींत फळ्यावर मांडले.

एका मुलाची वही मात्र मी बाजूला ठेवली होती. त्याने लिहिले होते, ‘माय ग्रँडफादर वॉज इन द टेंपल.’ देऊळ दगडी होते आणि पडले होते, असे त्याचेच पुढचे वाक्य होते. त्यात आजोबा सुखरूप कसे राहिले, हे कुठेच आले नव्हते. ते आत होते की जवळपास होते, असे विचारल्यावर तो म्हणाला, “घरी सगळे देवळात होते असंच म्हणतात, सर.” मराठीत आपण देवळात गेलो होतो असे म्हणतो, तेव्हा गाभाऱ्यापासून पायरीपर्यंत सगळे त्यात चालून जाते. मी त्याला आजोबांनाच विचारून यायला सांगितले.

तो उत्तर घेऊन आला. विसर्जन आटोपून परतल्यावर उकाडा होता म्हणून आजोबा देवळापुढच्या पारावरच आडवे झाले होते. मुलाने जुने वाक्य खोडून खाली लिहिले होते, ‘ही वॉज स्लीपिंग ऑन द पार ऑफ द टेंपल.’ ‘पार’ मी तसाच राहू दिला आणि ‘ऑफ’ खोडून ‘इन फ्रंट ऑफ’ केले. परीक्षेत त्याच्या पहिल्या वाक्यालाही पूर्ण गुण मिळाले असते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती.