कागदावरचे 0.0025 आणि नटातला प्ले

रविवार, रात्र

आज माझ्या सीएनसी राउटरच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या, एक्स अक्षाच्या गँट्रीला (कटर वाहून नेणाऱ्या सरकत्या चौकटीला) डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) टेकवून ती पुढे-मागे चालवली. एकाच दिशेने जाताना 1 मिलिमीटरच्या प्रत्येक आज्ञेला काटा चोख साथ देतो. दिशा उलटली की मात्र पहिले 0.12 मिलिमीटर गडप होतात. मोटर फिरते, गँट्रीचा नट सरकवणारा स्क्रू फिरतो आणि गँट्री जागची हलत नाही. भोसरीतल्या ज्या टर्नरकाकांनी स्क्रूची टोके लेथवर उतरवून दिली होती, त्यांनी फोनवर एवढेच विचारले, “नट हाताने हलवून बघितलास का? प्ले तिथंच असणार. प्रोग्रामात कशाला शोधतोस?” प्ले म्हणजे नट आणि स्क्रूच्या आट्यांमधली मोकळी फट.

कागदावर या यंत्राची ऐट मोठी आहे. मोटरचा एक फेरा 200 स्टेपचा आणि ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) 1/16 मायक्रोस्टेप, म्हणजे प्रत्येक स्टेपचे 16 तुकडे, एकूण फेऱ्याला 3200. टी8 स्क्रू एका फेऱ्यात नटाला 8 मिलिमीटर सरकवतो, म्हणून मिलिमीटरला 400 स्टेप आणि एका स्टेपला 0.0025 मिलिमीटर. ही सगळी मोजदाद अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरच्या 32 केबीच्या चिपमध्ये बसणारे ग्रब्ल हे सॉफ्टवेअर बिनतक्रार सांभाळते, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. प्रोजेक्ट रिव्ह्यूत सारे प्रश्नही त्याच भागावर येतात. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) अंगठ्याने रेटून काटा किती हलतो, हे कोणी पाहत नाही.

ग्रब्लच्या मूळ आवृत्तीत बॅकलॅशची, म्हणजे दिशा उलटताना गडप होणाऱ्या हालचालीची, भरपाई करण्याची सोय नाही आणि मला ते योग्यच वाटते. दिशा बदलताना काही स्टेप जादा देऊन गँट्री जागेवर आणता येईल, पण कटर लाकडात शिरला की त्याची ओढ गँट्रीला त्याच मोकळ्या फटीत मागे-पुढे खेचत राहील. त्यापेक्षा पितळी नटाचे दोन भाग करून मध्ये स्प्रिंग बसवणे बरे, कारण मग आट्यांच्या दोन्ही बाजू स्क्रूला कायम टेकून राहतात. अर्थात घर्षण वाढते, आणि कटरचा जोर स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की प्ले परत डोके वर काढतो. तेव्हा लाकडाऐवजी ॲल्युमिनियम कापण्याचा मोह सध्या नको.

नट बदलूनही, गँट्री ज्यांवरून सरकते त्या गोल दांड्यांचा प्रश्न उरतोच. दोन टोकांवर टेकलेल्या 12 मिलिमीटरच्या दांड्या मध्यभागी वाकतात, हे हाताच्या हलक्या रेट्यानेही डायलवर दिसते. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून 16 मिलिमीटरची दांडी घेतली तर तो तिपटीहून अधिक होईल. मात्र लांबी दुप्पट केली की वाक आठपट होतो, त्यामुळे टेबल मोठे करण्याचा बेत मी रद्द केला आहे. पूर्ण लांबीभर खालून आधार असलेले एसबीआर16 रेल महाग पडतील, तरी मोठ्या स्पिंडलसाठी बाजूला ठेवलेले पैसे आता त्यांवरच खर्च करायचे ठरवले आहे. सोमवारी काकांकडे नट घेऊन जायचे आहे.