चार वाटांचा १० मेगाहर्ट्झ आयसोलेशन अ‍ॅम्प्लिफायर: माझा अनुभव

जीपीएसला बांधलेल्या ऑसिलेटरचा १० मेगाहर्ट्झ सिग्नल चार उपकरणांना द्यायचा, तर टी-जोड लावून भागत नाही. प्रत्येक उपकरणाची वाट (आउटपुट) दुसऱ्यापासून अलग ठेवणारा आयसोलेशन अ‍ॅम्प्लिफायर लागतो. एक केबल काढली की बाकी तिघांचा फेज, म्हणजे लहरीची वेळेतली जागा, सरकतो. १० मेगाहर्ट्झवर एक मिलिरेडियन म्हणजे १६ पिकोसेकंद. उलट येणारा सिग्नल ६० डीबी, म्हणजे व्होल्टेजमध्ये हजारपट, खाली दाबला तर सरक फार तर तेवढीच.

म्हणून प्रत्येक वाटेला तीन २एन३९०४ ट्रान्झिस्टर एकावर एक घेतले: खालचा कॉमन एमिटर, वरचे दोन कॉमन बेस. खालच्या एमिटरला ४७ ओहम मोकळा (कपॅसिटरशिवाय) आणि त्याखाली ८२ ओहमला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर. गेन वाढवायला ४७ कधीच बायपास करू नका. ट्रान्झिस्टरचा फ्लिकर नॉइज (कमी वारंवारितेला वाढत जाणारा गोंगाट) फेजमध्ये उतरू न देणारा तोच आहे. ८२ वर मोठा इलेक्ट्रोलिटिकही नको. ०.१ ठेवला तर साधारण १९ किलोहर्ट्झच्या खाली ८२ सुद्धा फीडबॅकला हातभार लावतो.

बायसची, म्हणजे बेसना स्थिर व्होल्टेज देणारी, रेझिस्टरची साखळी १५ व्होल्टपासून २.२ किलोओहम आणि मग १.८ किलोओहम तीनदा. बेसवर अंदाजे १०, ६.६ आणि ३.२ व्होल्ट मिळाले, करंट २० मिलिअँपिअरच्या आसपास, की जमलं. आउटपुटला एफटी-५०-४३ टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) प्राथमिकचे १० आणि दुय्यमचे ५ वेढे वेगवेगळे, प्राथमिकवर २०० ओहम. एकूण गेन जवळपास शून्य डीबी. इनपुटचा रेझिस्टर चारही वाटा जोडल्यावरच ठरवा. एका वाटेला ५१ बरोबर वाटतो, पण बायसचे रेझिस्टरही भार होतात आणि चार झाल्यावर ६८ च्या आसपास लागतो.

बिघडतं ते इथे. कॉमन बेसच्या बायपास कपॅसिटरचे पाय लांब राहिले की सर्किट व्हीएचएफमध्ये (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) बोंबलतं, म्हणजे आपोआप ऑसिलेट होतं. पाय दोन-तीन मिलिमीटर ठेवा, बेसला १० ओहम घाला. त्या जागी स्वस्त सिरॅमिक डिस्क लावली तर ती मायक्रोफोनसारखी वागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेजारी पत्रा ठोकणारी प्रेस चालू असेल, तर तिचे ठोके स्पेक्ट्रममध्ये सिग्नलच्या दोन्ही बाजूंना दिसतात. फिल्म कपॅसिटर घातला की जातात.

सप्लायची तार चारही वाटांना एकच ठेवलीत, तर सगळं आयसोलेशन तिथूनच गळतं. प्रत्येक वाटेला वेगळे २२ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड द्या. बीएनसी (केबलचे कनेक्टर) धातूच्या डबीपासून इन्सुलेटेडच घ्या, नाहीतर अर्थच्या फेऱ्यातून ५० हर्ट्झ शिरतो. लाईट गेल्यावर चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोजमाप करूच नका. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून रेग्युलेटरला द्या. ५० हर्ट्झची गुणगुण बॅटरीवर थांबली तर दोष बहुधा सप्लायचा, राहिली तर बहुधा अर्थचा.

बेळगावच्या पावसाळ्यात सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स ओल धरतो, त्यामुळे आयसोप्रोपाइल अल्कोहोलने बोर्ड धुऊन, वाळवूनच डबी बंद करा.

चाचणीला तासभर तापू द्या. मग एक आउटपुट शॉर्ट करा, उघडा, पुन्हा शॉर्ट करा आणि शेजारच्या आउटपुटचा फेज बघत राहा.